बाजाराच्या दिवशीचं कुलूप

तीर्थपुरीच्या स्टँडवर एसटीच्या टपावर आमचे सतरा नग चढले. मी खाली उभी राहून कागदावर एकेक खूण करत होते: दोन ट्रंका, वळकटी, घागर, पाटा, वरवंटा वेगळा, ज्वारीचं पोतं अर्धं. अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण ती माझ्याबरोबर बोटांवर मोजत होती.

"समदे झाले का?" तिनं विचारलं.

"सतरा. बराबर."

"आन् पोरी? का त्या मोजल्याच न्हाईत?"

सुशी आणि कुसुम आधीच गाडीत चढून खिडकीपाशी बसल्या होत्या. कंडक्टरही हसला. अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, त्याच साली आई वारली, आणि तीन वर्षांचा भाऊ हिच्या पदरात पडला. दुसऱ्या लग्नाला माणसं आली होती, "हा कुणाकडं ठेवू?" म्हणून तिनं ती परत पाठवली. यजमान तिला बहीण म्हणत, पण आजारी पडले की 'आई' म्हणून हाक तिलाच मारत.

गाडी सुरू होण्याआधी ती खिडकीशी आली. "पत्ता दे की गं लिहून. गुरुजीकडून वाचून घेईन."

"खोली पक्की झाली की कळवते, अक्का," मी म्हणाले.

खोली महिनाभर आधीच पक्की झाली होती. पत्ता द्यायचा नाही, हे माझ्या मनातल्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

आता तुम्ही, जे अजून वस्तीत आहात, आणि तुम्ही, जे औरंगाबादला, पुण्याला गेलात, तुम्हा सगळ्यांना वाटतं की आम्ही पोटासाठी गाव सोडलं. पोट गावातही भरत होतं. आम्ही गाव सोडलं ते कंजूषपणा करता यावा म्हणून. गावात तो करता येत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी गावात कर्ज फेडून पाहावं.

कर्ज गिरणीचं होतं. गावात एक पिठाची गिरणी होतीच, पण तिथं आपल्या वस्तीचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेत. बायका डबे घेऊन दुपारपर्यंत उन्हात बसत. म्हणून यजमानांनी जालन्याच्या एका दुकानदाराकडून उधारीवर डिझेलचं इंजिन आणलं आणि वस्तीत गिरणी घातली. पहिल्या दिवशी तुम्ही इंजिनाला हार घातला होता. 'आपली गिरणी' म्हणत होता. आणि आपली म्हटलं की पैसे कोण मागणार? बहात्तरच्या दुष्काळात तर मागायला तोंडच नव्हतं. खडी फोडून मिळालेल्या रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं दळण यायचं आणि मी भिंतीवर कोळशाने उधारीची रेघ ओढायची. गावातली बाकीची माणसं आपल्या गिरणीकडे कधी फिरकली नाहीत. आणि जी आली त्यांच्याकडे काही नव्हतं. दोन वर्षांत भिंत काळी झाली. दुकानदारानं इंजिन निम्म्या भावात उचलून नेलं आणि उरलेल्या दोन हजार दोनशेला आमचं राहतं घर लिहून घेतलं. महिना सत्तर रुपये, तिसऱ्या दिवाळीपर्यंत. एक हप्ता चुकला की घर त्याचं. त्या घरात अक्का राहणार होती. तिला दुसरं कुठलंही छप्पर नव्हतं.

एवढंच पणाला होतं, आणि मी ते एक दिवसही विसरले नाही. पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका.

मी माझ्या परीनं गावातच सुरुवात केली होती. चहा बंद केला. पण पाहुणा आला की तो पुन्हा चुलीवर चढायचा. लग्न निघालं की आहेर, बाळंतीण आली की बाळंतविडा, कुणी गेलं की तिसऱ्या दिवसाचं जेवण. मी एकदा 'साखर संपली' म्हणाले तर अक्का शेजारून वाटीभर घेऊन आली आणि पाहुण्यासमोरच मला म्हणाली, "घे माय, मागितली की मिळती." माझे वडील म्हणायचे, पाहुण्यानं घरातलं सरतं, पण घराचं नाव उरतं. वडिलांवर कर्ज नव्हतं. मी हिशेब मांडला: दर महिन्याचे अठरा ते बावीस रुपये घराच्या नावावर खर्च होत होते. ते वाचवायचे तर जिथं आपल्याला नावच नाही अशा जागी जायला हवं होतं.

जालन्यात जिनिंग प्रेसच्या मागे खोल्यांची एक ओळ आहे. आमची डावीकडून चौथी. यजमान प्रेसमध्ये इंजिनावर लागले, मी डाळ मिलमध्ये निवडणीला. दोघांचे मिळून महिना एकशे ऐंशीच्या आसपास. पहिल्याच संध्याकाळी मी वहीत दोन रकाने आखले, 'लागतं' आणि 'लागत नाही', आणि पहिल्या रकान्यातली एकेक गोष्ट उचलून दुसऱ्यात टाकत गेले. चहा गेला. साखर गेली. वरण आठवड्यातून एकदा. कुसुमचं दूध गेलं, ती चार वर्षांची झाली होती. मुलींच्या केसांना तेल लागतं. मी केसच कापले. केसांवर भांडी देणारी बाई दारावरून जायची. सुशीच्या वेणीची स्टीलची एक वाटी आली. सुशी आठ वर्षांची होती, रडली नाही, फक्त त्या वाटीत कधी जेवली नाही. दर वर्षी अक्काला एक लुगडं घ्यायचो, तेही दुसऱ्या रकान्यात गेलं. ते लिहिताना माझा हात थांबला नव्हता. थांबला असता तर इथं लिहिलं असतं.

पत्ता नाही दिला तरी बाजाराच्या दिवशी गाव जालन्याला येतंच. आणि जिनिंग प्रेसचा इंजिनवाला कुठं राहतो, हे दरवानाला विचारलं की कळतं. पहिल्या वर्षी चार घरची माणसं आली. दुपारचं जेवण, चहा, जाताना मुलाच्या हातावर काहीतरी. त्या महिन्यात हप्ता भरायला मी जोडवी मोडली. मग मी एक पद्धत बसवली. बाजाराच्या दिवशी मिलला सुटी असायची. सकाळी दहाला मी मुलींना घेऊन आत बसायची आणि शेजारच्या फातिमाबीनं बाहेरून कुलूप लावायचं. गावाकडच्या गाड्या निघून गेल्या की, पाच-साडेपाचला, उघडायचं. यजमान तोवर प्रेसमध्येच थांबायचे. मध्येच उघडायची वेळ आली तर मी आतून दारावर तीनदा थाप मारायची, अशी बोली होती.

फातिमाबीचा नवरा टांगा हाकायचा. तिला पाच मुलं. पहिल्यांदा किल्ली तिच्या हातात दिली तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. "क्या बाई, मेहमान हैं के पुलिसवाले? हमारे में तो मेहमान आया तो मुर्गी छुपती, घरवाले नै छुपते." पण किल्ली तिनं नीट सांभाळली. दर आठवड्याला वेळेवर कुलूप लावायची, आणि लावताना दर वेळी म्हणायची, "बैठो जेल में."

दीड वर्ष ही पद्धत उत्तम चालली. लोक यायचे, कुलूप बघायचे, जायचे. मग येईनासे झाले.

तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतरचा बाजार होता. दोन हप्ते उरले होते आणि घराचा कागद सोडवून घ्यायला लागणारे पन्नास रुपये. एकशे नव्वद. वहीत ते कुठून येणार हे शेवटच्या रुपयापर्यंत लिहिलेलं होतं. अकराच्या सुमारास बाहेरून आवाज आला.

"दाराला कुलूप हाय व्हय? कुठं गेले म्हणायचे हे लोक?"

अक्का होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं. एकटी आली होती, हातात कापडी पिशवी, आणि उजव्या डोळ्यावर पदराचा बोळा धरलेला.

"बजार कू गये सब," फातिमाबी म्हणाली. "शाम कू आते. तुम कौन?"

"मी बहीण त्याची. बाजाराला गेली? माझी भावजय?" अक्का हसली. "अवं बाई, ती बाजाराला जाईल तर दिवस मावळताना जाईल, भाजी टाकून देत्यात तवा."

फातिमाबीही हसली. दोघींचं हसणं मी आत बसून ऐकलं. मग अक्का पायरीवर बसली. तिची पाठ दाराला टेकली. आमच्यामध्ये एका फळीचं अंतर होतं. ती फातिमाबीला सांगत होती आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. डोळा चार दिवसांपासून ठणकत होता. डोकं फुटतंय असं होत होतं. दिव्याकडे पाहिलं की भोवती रंगांची कडी दिसायची. "डाक्टर म्हनला, जल्दी जालन्याला दाखव, बिलकुल थांबू नको. दवाखान्यात आठ दिस ठिवत्यात म्हणं. संगं माणूस पाहिजे. म्हनलं भाऊ हाय, भावजय हाय, मला काय कमी हाय."

आठ दिवस तिच्याजवळ माणूस म्हणजे माझी आठ दिवसांची मजुरी. तिचं जेवण. बाहेरून आणायची औषधं. मी वही उघडली नाही, कारण उघडायची गरज नव्हती. हप्ता चुकत होता. हप्ता चुकला की घर जाणार होतं, आणि घर गेलं की हीच बाई रस्त्यावर येणार होती. मी तिच्यासाठीच दार उघडत नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. कारण त्याच वेळी मला असंही वाटलं होतं की ही एकदा आली की जायची नाही.

कुसुमला तेव्हा खोकला होता. मी तिच्या तोंडावर पदर दाबून धरला. ती गुदमरून पाय झाडायला लागली तशी सुशीनं येऊन तिचे पाय धरले. मी तिला सांगितलं नव्हतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं आपण होऊन धरले.

दुपारी फातिमाबीनं अक्काला पाणी दिलं, रोटी दिली. दोनदा ती दारापाशी आली आणि उगाचच कुलूप हलवून गेली. मला कळलं, ती थापेची वाट बघत होती. माझा हात मांडीवर होता. चारच्या पुढे अक्का उठली. शेवटची गाडी चुकली तर तिला झोपायला जागा नव्हती. जाताना ती म्हणाली, "बाई, तिला सांगा, मी आल्ते. आन् पोरींना हे द्या." पिशवीत शेंगा होत्या, भाजलेल्या, दोन शेर तरी.

कुलूप निघाल्यावर थोड्या वेळानं यजमान आले. हातपाय धुतले.

"अक्का आल्ती," मी म्हणाले.

"पाह्यलं मी."

"कुठून?"

"कोपऱ्यावरून. आज प्रेस लवकर सुटली. चार वाजता आल्तो. ती पायरीवर बसली हुती." ते टॉवेलने हात पुसत राहिले, कोरडे झाल्यावरही. "मंग परत गेलो."

मी त्यांना डोळ्याचं सांगितलं. सगळं, रंगांच्या कड्यांसह. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताट मागितलं. मी वाढलं. जेवताना आम्ही ठरवलं. 'दिवाळी झाली की आणू' हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं ते मला आठवत नाही, आणि यजमानांनाही आठवत नाही असं ते म्हणतात. वहीत मात्र ते माझ्या अक्षरात आहे: 'अक्का, डोळा, दिवाळीनंतर.' त्याच्या वर 'रॉकेल' आहे आणि खाली 'कुसुमची चप्पल'.

शेंगा आम्ही चार दिवस जेवणात लावल्या. त्या आठवड्यात तेल आणि भाजी मिळून दीड रुपया वाचला.

दिवाळीच्या आधी दोन दिवस शेवटचा हप्ता भरला. दुकानदारानं माझ्यासमोर कागद काढून दिला आणि यजमानांना म्हणाला, "अशी बायको पाहिजे." मला आनंद झाला. तोही लिहायला हवा. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

भाऊबीजेला यजमान कागद घेऊन गावी गेले. अक्का चुलीपुढे बसली होती आणि फुंकणी हाताशी असूनही चाचपडून शोधत होती. उजवा डोळा पांढुरका झाला होता आणि डाव्याचंही दिसणं जवळजवळ संपलं होतं. त्यांनी तिला घेऊन जालना गाठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी पाडून पाहिलं, खुर्ची मागे घेतली आणि विचारलं, "दोन महिने कुठं होता?" मी तारीख सांगू शकले असते. यजमान म्हणाले, "गावी."

चार दिवस ती आमच्या खोलीत राहिली. चहा केला, साखरेचा. मुलींनी केस वाढवायला सुरुवात केली होती. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, आखूड केस बोटांना लागले. पाचव्या दिवशी म्हणाली, "मला गावाला सोडा."

"अक्का, आता इथंच राहा," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. हप्ता संपला होता, वहीत जागा होती.

"नको माय. तुमचा खर्चा वाढंल."

तिच्या आवाजात टोमणा होता का, हे मी त्या दिवसापासून शोधते आहे. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर फातिमाबी दारात आली, कधी नव्हे ती आत येऊन खाली बसली. म्हणाली, "बाई, मैंने उसको बोल दी थी. पानी देते वखत, कान में. के अंदर हैं सब."

मी विचारलं, "मग ती बसून का राहिली?"

"बोली, वो नै खोलती, मेरेकू मालूम. मेरा भाई आएगा तो खोलेगा." फातिमाबीनं जमिनीवर बोटानं रेघ ओढली. "फिर चार बजे वो कोने पे आया ना तुमारा आदमी, तो उसने धीरे से पूछी, वो कौन आया था बाई? चाल मेरे भाई की लगती. मैं क्या बोलती? बोली, कोई नै. रस्ते का आदमी."

हे मी यजमानांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मी एकटीनंच का ठेवायचं? त्या दिवसापासून ते कोपऱ्यावरून वळताना पाय उचलून वेगळेच चालतात, स्वतःचं चालणं लपवल्यासारखे. त्यांना ते कळत नाही. मुली हसतात.

वस्तीतल्या तुम्ही लोकांनी अक्काच्या जेवणखाणाची पाळी लावून घेतली आहे, सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. माझ्याकडे ती यादीही आहे; कुणी पाठवली नाही, मी विचारून विचारून जमवली. त्यातल्या सहा घरांच्या दळणाच्या रेघा आमच्या भिंतीवर अजून आहेत. तुम्ही त्या फेडत नाही आहात, हे मला समजतं. तुम्ही माझ्यासारखे नाही एवढंच.

आज आमच्यावर कर्ज नाही. चहा दोन वेळा होतो. बाजाराच्या दिवशी दार सताड उघडं असतं आणि मी डब्यात जास्तीचं पीठ मळून ठेवते. कुणी येत नाही. गावातल्या घराचा कागद अक्काच्या ट्रंकेत आहे. ते घर मी वाचवलं, त्याच्या एकेका खणाची किंमत मला पाठ आहे, आणि तिथं मी गेले की तुमच्या पोरी मला पाट देतात, कपबशीत चहा देतात, 'बसा' म्हणतात. घरच्या माणसाला कुणी 'बसा' म्हणत नाही. जालन्याची ही खोली मला घर वाटत नाही आणि ते घर मला पाहुणी मानतं. माझ्या हिशेबात घर म्हणजे आता एवढंच उरलं आहे: जिथं माझे पैसे चालत नाहीत ती जागा.

हे शब्दशः आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी अक्काला वीस रुपयांची मनिऑर्डर करते. दहा-बारा दिवसांत ती परत येते, 'घेण्यास नकार'. पैसे परत मिळतात, पाठवणावळ मिळत नाही. मला वाटायचं पोस्टमन नीट सांगत नसेल. म्हणून गेल्या बाजाराला रुक्मिणबाई, जिच्याकडे अक्काची गुरुवारची पाळी असते, ती भाजीच्या ओळीत भेटली तेव्हा मी तिचा हात धरून विचारलं.

रुक्मिणबाई म्हणाली, "सांगतो की तो. मोठ्यानं वाचून दाखवतो. कुणी धाडली, जालन्याहून कुठल्या पत्त्यावरनं धाडली, समदं."

"मग काय म्हणते?"

रुक्मिणबाईनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि पिशवी उचलली.

"म्हणती, त्या पत्त्यावर कुणी राहत न्हाई. मी सोता जाऊन, दिसभर बसून आले."